तीन पथ्यं आणि एक ओटा

"ताई, आम्ही नागपूरला मानेवाड्यात राहतो. घरात सहा जणं. सासऱ्यांची किडनी कमजोर झाली आहे. डायलिसिस नाही, पण डॉक्टरांनी मीठ आणि पोटॅशियम कमी करायला सांगितलं. सासूबाईंना शुगर, दोन वेळा इन्सुलिन. आणि आता माझ्या सात वर्षांच्या मुलाला सीलिएक निघाला, गहू जन्मभर बंद म्हणाले. मी पहाटे साडेपाचला उठून चार-चार स्वयंपाक करून राहिली. परवा सासूबाईंनी लेकराला पोळीचा घास भरवला. म्हणाल्या, एका घासानं काय होते? मी ओरडली. दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. पुढच्या महिन्यात आमच्याकडे महालक्ष्म्या आहेत, तीस-पस्तीस पान होते. यांना, म्हणजे माझ्या मिस्टरांना, सगळं चालते. मला आठवड्याचा तक्ता करून द्या, नाहीतर मी वेडी होईन."

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तक्ता करून द्यायला मला अर्धा तासही लागणार नाही, पण तो तुमच्या घरात गुरुवारपर्यंत टिकणार नाही. बाजारात ढेमसं मिळणार नाहीत, सासऱ्यांचा नवा रिपोर्ट येईल, लेकराच्या शाळेत कुणाचा तरी वाढदिवस निघेल, आणि तक्ता फ्रिजवर लटकत राहील. म्हणून तक्त्याऐवजी मी तुम्हाला रीत सांगते. चार स्वयंपाक बंद करा. स्वयंपाक एकच करायचा आणि त्याचे फाटे अगदी शेवटी, वाढायच्या पाच-दहा मिनिटं आधी फोडायचे.

त्यासाठी आधी तिन्ही पथ्यांचा स्वभाव ओळखायला हवा, कारण ती एका जातीची नाहीत. लेकराचं पथ्य कणाचं आहे, सासऱ्यांचं मापाचं आणि सासूबाईंचं मापाइतकंच घड्याळाचं. सासऱ्यांच्या ताटात एखादा चमचा जास्त गेला तर संध्याकाळी सावरता येतं. लेकराच्या ताटात गव्हाचं पीठ गेलं तर ते गेलंच. म्हणून ओट्यावर पहिला हक्क लेकराचा. सकाळी ओटा ओल्या फडक्यानं पुसला की सगळ्यात आधी त्याचं होऊन जाऊ द्या, त्याचा डबा भरून झाकण लावून बाजूला ठेवा, मग बाकीचं घर.

सासूबाईंच्या त्या घासाबद्दल. त्यांच्यावर रागावू नका, पण ही गोष्ट सोडूनही देऊ नका. त्यांना वाटतं हा आजार ॲलर्जीसारखा आहे, खाल्लं की पुरळ येईल, नाही आलं म्हणजे पचलं. सीलिएकमध्ये तसं होत नाही. गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करतं. तिथले अन्न शोषून घेणारे बारीक उंचवटे झिजतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. बाहेरून लेकरू हसत-खेळत असलं तरी आत हे चालू राहतं. हे नव्या जमान्याचं फॅड नाही, हेही त्यांना सांगा. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. तिथल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय आधीपासून होताच. बाकीची मुलं खंगत असताना या आजाराची मुलं सुधारलेली त्यांना दिसली, आणि पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' लिहायला आपल्याकडे मर्यादा आहे ती किलोमागे २० मिलिग्रॅमची. म्हणजे एक किलो पिठात चिमटीच्याही चिमटीइतकं. त्यापुढे पोळीचा घास केवढा झाला, ते त्या स्वतःच समजतील.

आणि एक करा, लेकराची भांडी सासूबाईंच्याच ताब्यात द्या. महालक्ष्म्यांचा सोवळ्यातला स्वयंपाक ज्या बाईनं इतकी वर्षं सांभाळला, तिला वेगळं भांडं, वेगळा हात आणि आधी-नंतरचा क्रम शिकवावा लागत नाही. नातवाच्या डब्यांना लाल दोरा बांधून घ्या, आणि दोरा असलेल्या डब्याला आजीला विचारल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, तुम्हीसुद्धा नाही.

वेगळं काय घ्यायचं? तवा, पोळपाट-लाटणं, पीठ भिजवायची परात, चाळणी, लाकडी चमचे. लाकडाच्या भेगांत आणि चाळणीच्या जाळीत पीठ बसतं, कितीही घासलं तरी निघत नाही. स्टीलचे गंज, कुकर, ताट-वाट्या नीट घासून सगळ्यांना चालतील, त्यांवर पैसे घालू नका. लोण्याची वाटी आणि लोणच्याची बरणी मात्र वेगळी करा, कारण पोळीचा हात त्यात जातोच.

आता पीठ. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, भगर, राजगिरा, मका या कशातच ग्लूटेन नाही. पण तुमच्या गल्लीतल्या चक्कीवर तुमच्या ज्वारीच्या आधी कुणाचे तरी दहा किलो गहू दळले गेलेले असतात, आणि त्यांचं पीठ जात्यात, पट्ट्यात, पिशवीत असतंच. ज्वारी शुद्ध असली तरी पीठ शुद्ध राहत नाही. घरगुती चक्की घ्या आणि तिच्यात गव्हाचा दाणा कधी जाऊ देऊ नका. तुमच्या घरात या वर्षी एकच मोठा खर्च करायचा असेल तर तो हा करा. हरभऱ्याची डाळही त्यातच दळा, बाहेरच्या बेसनाचा भरवसा धरू नका.

लपलेला गहू आपल्या मराठी घरात फार आहे. कुरड्या गव्हाच्या चिकाच्या. थालिपिठाच्या भाजणीत गहू, मेतकुटात बहुतेक घरी गहू, सातूच्या पिठात गहू. रवा म्हणजे गहूच, त्यामुळे सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा बंद. शेजारच्या काकू प्रेमानं द्रोण पुढे करतात, तिथे लेकराला 'नको' म्हणायला शिकवा आणि तुमच्या पर्समध्ये एक राजगिऱ्याचा लाडू ठेवा. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी बंद, माल्ट जवापासून होतो आणि जवातही ग्लूटेन असतं. जव आणि जवस यांत मात्र गोंधळ करू नका. आपली जवसाची चटणी लेकराला खुशाल द्या, फक्त घरी कुटलेली. आणि हिंग! डबीतला हिंग शुद्ध नसतो, त्यात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. फोडणी तर सगळ्यांचीच एक. म्हणून घरातला हिंगच बदला, पाकिटावर बघून गव्हाशिवायचा आणा आणि जुनी डबी फेकून द्या.

मग घरात पोळ्या करायच्याच नाहीत का? माझं मत विचाराल तर निदान पहिलं वर्षभर सुटी कणीक घरात नको. कणीक चाळताना पीठ हवेत उडतं आणि अर्ध्या तासानं ते खाली कशावर बसलं ते कुणाला दिसत नाही. तुमच्या मिस्टरांना पोळी हवीच असेल तर तयार पोळ्या बाहेरून लावा, येतील तशा बंद डब्यात राहू द्या. बाकी घर ज्वारीवर आणि भातावर छान चालतं, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं आहे.

आता सासरे. इथे मला माझी स्वतःची चूक सांगायची आहे. माझ्या वडिलांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा, वाढलं तेव्हा मी मोठ्या हौसेनं 'कमी सोडियम'चं मीठ आणलं. पाकीट महाग होतं, म्हणून वाटलं चांगलंच असणार. महिन्याभरानं रक्त तपासलं तर पोटॅशियम ६च्या वर, आणि त्याच रात्री त्यांना भरती करावं लागलं. त्या मिठात सोडियम कमी करून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. रक्तात पोटॅशियम फार वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. निरोगी किडनी जादाचं बाहेर टाकते, त्यांची टाकू शकत नव्हती. मी त्यांना रोज हातानं ते वाढत होते. ताई, ते मीठ तुमच्या घरात असेल तर आजच काढा. आणि सैंधवाला पथ्याचं समजू नका, तेही सोडियमच आहे.

मिठासाठी एक छोटी डबी करा. किडनीच्या रुग्णाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगतात, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, किंचित कमीच. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तो धरा. तेवढं मीठ सकाळी सासऱ्यांच्या डबीत काढायचं आणि त्यांचं दिवसभराचं त्यातूनच घ्यायचं. भाजी सगळ्यांची बिनमिठाची शिजवा, त्यांची वाटी काढून घ्या आणि मग बाकीच्यात मीठ घाला. त्यांच्या वाटीवर डबीतली चिमूट वरून पेरा. वर पेरलेलं मीठ जिभेला आधी लागतं, त्यामुळे थोड्यातही चव येते. पापड, लोणचं, शेव, बाहेरचे तर्री-पोहे, सावजीचा रस्सा, हे डबीच्या हिशेबात बसतच नाही.

पोटॅशियमसाठी भाज्यांची निवड आधी करायची आणि धुण्या-उकळण्याचा उपाय नंतर. लवकी, दोडके, ढेमसं, पत्ताकोबी या तुमच्या रोजच्या भाज्या, यांनी फारसा त्रास होत नाही. पालक, टमाटर, आलू, रताळं जपून. आलू करायचेच तर सोलून पातळ काप करा, भरपूर कोमट पाण्यात दोन तास ठेवा, ते पाणी फेका, नव्या भरपूर पाण्यात शिजवा आणि तेही फेका. सगळं पोटॅशियम जात नाही, पण बरंच उतरतं. कुकरमध्ये थोड्या पाण्यात शिजवून तेच पाणी रश्श्यात घातलं तर काहीच जात नाही. आणि आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला 'हलकं' म्हणून वरणाचं वरचं पाणी, भाज्यांचं सूप, नारळपाणी देतात. यांच्यासाठी ते सगळं उलटं आहे, कारण पोटॅशियम पाण्यातच उतरतं. पाणी देण्यापेक्षा मोजून एक वाटी घट्ट वरण द्या. वरण किती हे त्यांच्या वजनावर आणि डॉक्टरांवर सोडा. डायलिसिस नसताना प्रोटीन कमी ठेवतात आणि डायलिसिस सुरू झालं की उलट वाढवतात, म्हणून ओळखीतल्या डायलिसिसवाल्याचा कागद बघून तुमचं ताट लावू नका.

संत्र्यांचं तुम्ही विचारलं नाही, पण नागपूरच्या घरात हा प्रश्न दिवाळीनंतर येणारच. एका मध्यम संत्र्यात साधारण २३० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, आणि पेलाभर रसात त्याच्या दुप्पट. रस पूर्ण बंद. टोपली आली की दोन फोडी त्यांच्या हातावर ठेवता येतील का, हे ताज्या रिपोर्टचा आकडा बघून डॉक्टरांना विचारा. तोवर सफरचंद.

सासूबाईंचं तसं सोपं आहे, फक्त एक गैरसमज काढा. ज्वारी खाल्ली म्हणजे शुगर वाढत नाही असं नाही. दोन मोठ्या भाकरी आणि वर भात म्हणजे साखरच. भाकरी एक, भात घेतला तर भाकरी अर्धी, आणि भाजी-वरण आधी खाऊन भाकरी-भात मागून. त्यांची उसळ दुप्पट करा, लेकरालाही ती हवीच आहे, सासऱ्यांना मात्र ती त्यांच्या मापातच.

एखादा मंगळवार कसा जाईल ते बघा. रात्री लवकी चिरून ठेवली. सकाळी आधी लाल दोऱ्याच्या तव्यावर लेकराची मुगाची धिरडी, डबा बंद. त्याच तव्यावर सगळ्यांच्या भाकरी, कारण गहू ओट्यावर नाहीच. कुकरमध्ये तुरीचं वरण आणि भात. लवकीला एकच फोडणी, मीठ नाही. शिजली की सासऱ्यांची वाटी काढली, वर डबीतली चिमूट आणि लिंबू. उरलेलीत मीठ, तिखट आणि फल्लीचा कूट घालून दोन मिनिटं झाकण. सासऱ्यांना भात जास्त आणि भाकरी कमी, पांढऱ्या तांदळात पोटॅशियम ज्वारीपेक्षा बरंच कमी असतं. सासूबाईंना नेमकं उलटं. एक कुकर, एक कढई, एक तवा. माझ्या हिशेबानं सव्वा तास, आणि तुमची साडेपाचची पहाट सहावर येते.

आता महालक्ष्म्या. इथे जरा बसून बोलू, कारण तुमची खरी भीती हीच आहे असं मला पत्रातून जाणवलं.

त्या दिवसाच्या ताटातलं पुष्कळ काही तुमच्या बाजूचंच आहे. ज्वारीची आंबील लेकराला चालते, ज्वारी घरच्या चक्कीवरची असली की झालं. कढी चालते, घरच्या डाळीचे वडे चालतात. पुरणाची गंमत बघा. हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यात शिजवून आपण कट काढून टाकतो, म्हणजे आलूंना करतो तेच नकळत डाळीला होतं. म्हणून सासऱ्यांना पुरण चमचा-दोन चमचे देता येईल, पण कटाची आमटी नाही, कारण डाळीतून उतरलेलं त्या कटात आहे. पुरण गुळाऐवजी साखरेचं करा, गुळात पोटॅशियम पुष्कळ असतं आणि साखरेत जवळपास नसतंच. आपल्याकडे साखरेचं पुरण बऱ्याच घरी होतंच, त्यामुळे देवीपुढे काही वेगळं केल्यासारखं होणार नाही. लेकरासाठी तेच पुरण तांदळाच्या उकडीच्या पारीत भरून वाफवा. सोळा भाज्यांची भाजी सासऱ्यांना प्रसाद म्हणून चमचाभरच. सोळातल्या कोणत्या भाजीत किती पोटॅशियम हे त्या दिवशी शोधत बसू नका.

पुरणपोळ्या, करंज्या आणि फुलोऱ्याचं गव्हाचं सगळं तुमच्या घरी करू नका. जाऊबाईंना, नणंदेला मोकळेपणानं सांगा की हे तुमच्याकडून करून बंद डब्यात आणा. नाही म्हणणार नाहीत. आपल्याकडे महालक्ष्म्यांना हातभार लावायला बायका आपणहून येतात. तळण मात्र नीट सांभाळा. ताज्या तेलात आधी लेकराचे वडे तळायचे, कुरड्या सगळ्यात शेवटी. कुरडई पडलेलं तेल लेकराला परत वापरायचं नाही, गाळूनसुद्धा नाही. वाढताना पुरणपोळीचा हात आंबिलीच्या गंजात जाणार, म्हणून लेकराचं ताट पंगतीच्या आधीच भरून झाका.

सगळ्यात मोठा धोका मात्र सासूबाईंना आहे. नैवेद्य, आरती, सवाष्णी, मग पंगत, यात दुपारचे तीन वाजतात आणि घरची मोठी बाई उपाशी असते. इन्सुलिन नेहमीच्या वेळेला घेतलं आणि ताट तीन तास उशिरा आलं तर शुगर एकदम उतरते. घाम, थरथर, बोलण्यात गडबड दिसली की लगेच तपासा. ७०च्या खाली असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि लगेच जेवायला बसवा. यंत्र हाताशी नसेल तर तपासायची वाट न बघता साखर द्या. बेशुद्ध असतील तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना. पण तिथपर्यंत वेळ येऊच नये. त्या दिवशीचा डोस आणि त्याची वेळ आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. नैवेद्याआधी त्या काही खाणार नाहीत असं त्या म्हणतील, तेव्हा नैवेद्यच बाराला दाखवा. पंगत पाहिजे तेव्हा बसू द्या.

तुमच्या मिस्टरांबद्दल पत्रात एकच ओळ आहे, की त्यांना सगळं चालते. त्यांना चालतं म्हणूनच तीन कामं त्यांची. रविवारचं दळण, किराण्याच्या प्रत्येक पाकिटावरचं वाचणं, आणि सासऱ्यांच्या मिठाची डबी रोज सकाळी भरणं. यातलं एकही काम करायला स्वयंपाक यावा लागत नाही. हे पत्र त्यांना वाचायला द्या.

दोन गोष्टी डॉक्टरांकडे करायच्या राहिल्या असतील तर करून घ्या. सीलिएक घराण्यात चालतो, म्हणून तुमची, मिस्टरांची आणि लेकराला भावंड असेल तर त्याचीही रक्ततपासणी करा, तीही गहू बंद करण्याच्या आधी, कारण गहू सोडल्यावर ती तपासणी खोटी चांगली दिसू शकते. आणि लेकराची पुढची तपासणी कधी, ती तारीख आत्ताच घेऊन ठेवा.

सासऱ्यांचा पुढचा रिपोर्ट आला की पोटॅशियम, फॉस्फरस आणि क्रिएटिनिन हे तीन आकडे मला कळवा. त्यांच्या भाज्यांची आणि फळांची यादी त्यावरून आपण पुन्हा लावू. चक्की मात्र त्याची वाट न बघता याच महिन्यात घ्या, महालक्ष्म्यांची ज्वारी तिच्यावरच दळायची आहे.